बरणीतलं पाणी

वूच शहरात, बिस्किटांच्या कारखान्यावर
याद्विगा रात्रपाळीची पहारेकरीण.
पहाटे तीनला जीभ दार ठोठावते,
गोड दे.
ती देते. तुटकी बिस्किटं फुकटच असतात.

हिवाळ्यात छाती भरली, आठ दिवस गोळ्या झाल्या,
आणि पोट एकदम गप्प,
बिऱ्हाड उठून गेलेल्या खोलीसारखं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वहीत लिहा,
काय खावंसं वाटलं, कधी.

३.१०. चॉकलेट. मुलाचा फोन ठेवल्यावर.
३.४०. पुन्हा तेच. भूक नव्हती.
४.०५. आंबट.
का, ते माहीत नाही.

या शेवटच्या ओळीपाशी ती अडून राहिली.
सकाळी घरी, बूटही न काढता
काकडीची बरणी उघडली,
काकड्या चमच्यानं मागे सारून
ते गढूळ, खारट पाणी
शेपूच्या काड्यांसकट
उभ्याउभ्या प्यायली.
दात शिवशिवले. खांदे कानापर्यंत गेले.

बऱ्याच वेळानं आत,
त्या रिकाम्या खोलीत
कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"कोण?" ती म्हणाली,
आणि त्या दिवशी
रेडिओ लावला नाही.