रीती भविष्यकाळ

तेरा वर्षं शिकवतेय,
आणि कागद म्हणतो, तुम्ही अजून शिक्षिका नाही.
धनकवडीच्या आमच्या विनाअनुदानित शाळेत
हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलीनं असतं.
दर जूनमध्ये नव्यानं लिहितात,
मागचं खोडल्याची खूण तशीच ठेवून.

म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी बी.एड.
अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेताना
दुकानदारानं विचारलं, मुलीसाठी का?
मी हो म्हटलं.
कमी बोलावं लागलं.

संध्याकाळी सदाशिव पेठेतली अभ्यासिका,
महिना बाराशे, खुर्ची एकोणतीस.
स्पर्धा परीक्षावाली पोरं अदबीनं विचारतात,
काकू, पंखा कमी करू?
मी बालमानसशास्त्र वाचत असते:
या वयात मूल मूर्त गोष्टींवरून विचार करतं.
तेवढ्यात माझं त्या वयातलं मूल फोन करतं,
आई, तीन शिट्ट्या झाल्या, आता?

पाखरे सर भोरहून येतात.
टीईटीला अठ्ठ्याऐंशी. नव्वद लागतात.
ते दोन गुण चार वर्षं शोधतायत,
घरातच कुठेतरी पडलेल्या किल्ल्यांसारखे.

सराव पाठ सतरावा.
येरवडा, महापालिकेची शाळा, सहावी ब.
घटक व्याकरण, उपघटक काळाचे प्रकार.
टाचण तीन रंगांत,
प्रास्ताविक पाच मिनिटं, हेतुकथन एक.
शेवटच्या बाकावर डॉ. मैंदर्गीकर मॅडम,
बाकात न मावणारे गुडघे तिरके करून,
त्यावर निरीक्षण तक्ता.

मी फळ्यावर लिहिलं, मी रोज वाचत जाईन.
म्हटलं, पुढे जे सवयीनं घडत राहील
तो रीती भविष्यकाळ. आणखी एक उदाहरण?

निहाल उठला. शर्टाचं एक बटण निळं, बाकीची पांढरी.
'आई दर रविवारी येत जाईल.'
शाब्बास, मी म्हटलं.
शेजारची मुलगी म्हणाली,
'बाई, त्याची आई नाही येत.'
निहाल म्हणाला,
'म्हणून तर भविष्यकाळ.'

टाचणात पुढे होतं:
विद्यार्थी प्रतिसाद, अपेक्षित.
त्याखाली दोन ओळी मोकळ्या.

मी डस्टर ठेवलं. म्हटलं, अजून काय काय होत जाईल?
'पाणी सकाळी येत जाईल.'
'पप्पा घरी आले की हळू बोलत जातील.'
'मी बाई होईन आणि कुणाला ओणवं करत जाणार नाही.'
'घरमालक हसत जाईल.' यावर सगळा वर्गच हसला.
लिहीत गेले. फळा भरला,
तारखेच्या रकान्यातही एक वाक्य गेलं.
संकलन राहिलं, मूल्यमापन राहिलं,
गृहपाठाची चिठ्ठी पर्समध्येच.
घंटा झाली.

शेरा: वेळेचे नियोजन नाही. पायऱ्या गाळल्या.
फलकलेखन गिचमिड. पन्नासपैकी एकोणतीस.
जिन्यात मॅडमनी थांबवलं.
'त्या मुलाचं वाक्य बरोबर म्हणालात ना?'
हो म्हटलं.
'व्याकरणाच्या दृष्टीनं?'
दोन्ही दृष्टींनी, म्हणायचं होतं,
पण खाली रिक्षा थांबवलेली होती त्यांनी.

टीईटीच्या दिवशी हडपसरचं केंद्र,
पाण्याची बाटलीसुद्धा लेबल काढून.
प्रश्न एकेचाळिसावा:
'ती दररोज पत्र लिहीत जाईल.' काळ ओळखा.
चार पर्याय, चार गोल.
मी तिसरा गोल काळा केला,
जरा जास्तच दाबून,
खालच्या पानावर वळ उठला.

निकाल अजून लागायचा आहे.
सोमवारी पहिला तास माझाच;
पेन्सिलीतल्या नावापुढे सही करते,
ती मात्र शाईनं. कुणी हरकत घेतलेली नाही.

फाटकाबाहेर पाखरे सर
प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा मोजत उभे होते.
'त्र्याण्णव होतायत,' म्हणाले.
पुन्हा मोजले. 'एक्याण्णव.'
तिसऱ्यांदा मोजले नाहीत.
पत्रिकेची चार घडी करून खिशात घातली,
दोन चहा सांगितले,
आणि सुटे नसतानाही
पैसे त्यांनीच दिले.