इथे मी झोपले होते

एप्रिलमधलं सोलापूर, सकाळची शाळा,
साडेनऊलाच डोक्यावरचा पत्रा तडतडायला लागतो.
तिसरीच्या फळ्यावर मी लिहिलं: मी.
एवढंच. एक म, एक दुसरी वेलांटी.
म्हटलं, आजची गोष्ट ह्याच्या आत बसून सांगायची.
'एक होती शेळी' नाही चालणार.
आधी शेळी व्हायचं, मग तोंड उघडायचं.

सोमनिंगनं विचारलं, घरातलं मी चालेल का बाई?
त्याच्या घरी नानु,
शेजारी अंबादासकडे नेनु,
तय्यबाकडे मैं,
आणि मधल्या सुट्टीत शेंगाचटणीचा डबा उघडला
की सगळ्यांचं मिळून एकच: मला, मला.
चालेल, म्हटलं.

तर सोमनिंग शेळी झाला.
चड्डी वर ओढून म्हणाला,
मी कन्ना चौकातून आले.
वर्ग फुटला. आले म्हणतोय! आले!
तो वाट बघत उभा राहिला हसू संपायची,
मग म्हणाला, शेळी काय आलो म्हणते का?
मला कधी सुचलं नव्हतं हे इतकं साधं:
आपल्या मी-ला ना मिशी ना वेणी,
चुगली करतो तो वाक्यातला शेवटचा शब्द.

लगेच तय्यबाला धोटा व्हायचं होतं.
मी जातो, मी येतो, मी जातो, मी येतो,
मान इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि एकदम थांबून:
चादरीवरचा मोर मला कधी दिसत नाही बाई,
मला नुसते दोरे दिसतात.
मी खडू खाली ठेवला.
हे मला तासाच्या शेवटी शिकवायचं होतं.

अंबादास मात्र अडकला.
'आई मनात म्हणाली, पैसे पुरायचे नाहीत.'
थांब, म्हटलं, तू तर तू आहेस,
आईच्या मनात कसा शिरलास?
त्यानं नखं खाल्ली थोडा वेळ.
'काळजीत असली की विडीला दोरा जास्त गुंडाळते.
काल चार वेढे दिले.'
बरं. म्हणजे आत शिरला नव्हता,
उंबऱ्यावर बसून मोजत होता.

राहिली रजिता गुंडेटी.
रजिता स्वतःला मी म्हणत नाही.
रजिताला ताप होता. रजितानं वही आणली नाही.
जणू रजिता कुणी शेजारीण आहे
आणि तिचा निरोप द्यायला हिला पाठवलंय.
ती उभीच राहिली नाही. घंटा झाल्यावर
कागद टेबलावर ठेवून पळाली.

'आमच्या घरी दोन माग होते.
मी मागच्या खोलीत झोपते.
खडखड असली की मला झोप लागते.
त्या रात्री पण खडखड होती. पाने वाजत होते.'

मग तीन ओळी कोऱ्या.
त्यांच्याखाली: 'इथे मी झोपले होते.'

'आवाज थांबला म्हणून मी उठले.
फरशीला आठ भोकं होती.
नायना एकेका भोकात बोट घालून बघत होते.'

लाल पेनचं टोपण मी काढलेलं.
त्या तीन ओळींत काय झालं ते गल्लीला माहीत आहे, मलाही:
टेम्पो, भंगाराचा काटा, किलोचा भाव.
मी भरून दिल्या असत्या सहज,
व्याकरणासकट.

पुन्हा एकदा वाचलं, उजेडाकडे धरून.
आधी तिनं झोपलो लिहिलं होतं,
मग काना खोडून
नुसती मात्रा ठेवली होती.
खोडरबरानं कागद तिथे इतका झिजला होता
की पलीकडचं माझं बोट दिसत होतं.