बावीस खाचा

जीव्हस्टनचा जुलै. शेडच्या पत्र्यावर दव गोठलेलं.
ब्रायनीच्या बरण्यांसाठी कपाट करायचंय, ब्लॅकवुडचं:
अकरा फळ्या, म्हणजे बावीस खाचा.
सेल्विन पेटर्ड चहा गार होईपर्यंत
नुसता हत्यारांकडे बघतोय.

मोठ्या करवतीला जाड पात्यांची चळत चढवली
तर जेवणाआधी काम संपेल.
पण तिचा दांडा आखूड, चळत मावत नाही.
शिवाय एकदा तिने
त्याच्या करंगळीचं पेर न विचारता घेतलंय.

मग राउटर.
टाकाऊ तुकड्यावर एक खाच मारून पाहिली.
पातं अठराचं, फळी साडेसतरा.
फळी आत उभी राहिली आणि हलली,
पडायला आलेल्या दातासारखी.
सरस भरून काढेल. कुणाला कळणार?
बरण्यांना तर नाहीच.

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांनी
एकदा इथे यावं,
आणि सुताच्या या सहाव्या हिश्शात
फळी बसवून दाखवावी.

त्याने मोजपट्टी खिशात टाकली.
फळीच उभी धरली, तिच्याच कडेने
चाकूने दोन रेघा ओढल्या.
रेघांवर करवत, मधला गाळा पटाशीने,
आणि तळ सारखा करायला तो छोटा रंधा
ज्याला इकडे म्हातारीचा दात म्हणतात.
दात खाली अर्धा फेरा, पुन्हा अर्धा फेरा.
तपकिरी ढलप्या बाहीत शिरल्या.
फळी तळहाताने दाबली तर बसली,
उचलली तर बाजूची पाटही उचलली गेली.
तो हसला. शेडमध्ये कुणी नव्हतं.

असं चौदा खाचांपर्यंत.
पंधराव्या रेघेवर मनगटाने नकार दिला.

तो वाद घालत बसला नाही.
राउटरला सोळाचं पातं लावलं,
चाकूच्या रेघेला पट्टी आवळली,
एक फेरी या काठाने, एक त्या काठाने,
चांगल्या उजव्या कानात कापूस.
आठ खाचा. चहा पुन्हा गार.

शनिवारी ब्रायनी आली, पहिली खोकी घेऊन.
फळीवर टकटक केलं.
"सगळ्या हाताने?"
"चौदा."
"कुठल्या?"

तो वाकला. चष्मा लावला.
टॉर्च आणून वरून खालपर्यंत पाहिलं,
मग खालून वर.

"बरण्या आण," म्हणाला.

क्विन्सच्या सात बरण्या एका फळीवर चढल्या.
फळी हूं की चूं नाही.