कानमंत्र

अनुग्रह घेतला तेव्हा मी चौतीस वर्षांचा,
आणि कान तोवर वडगावच्या मागांनी
अर्धेअधिक खाल्लेले.
घटप्रभेच्या काठावर पत्र्याचा एक मठ.
पाच नारळ, एक पंचा, सव्वाशे दक्षिणा.
स्वामींनी दोघांच्या डोक्यावरून उपरणं ओढलं.
श्वासाला विड्याचा वास होता.
ओठ हलले.
मला काही ऐकू आलं नाही.

परत सांगा, म्हणायला हवं होतं.
मागे रांगेत चाळीस माणसं.
मी मान हलवली,
पगारातून मालक काही कापतो
तेव्हा हलवतो तशी.

घरी गंगव्वा कांड्या भरत होती.
"काय दिलं स्वामींनी?"
सांगायचं नसतं, म्हटलं.
एवढं तरी खरं होतं.

मग अकरा वर्षं
पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी,
घोंगडीची घडी घालून बसायचो
न ऐकलेल्या शब्दापाशी,
पडलेल्या दाताच्या खिंडीत
जीभ जाऊन बसते तसा.
शेवटी ओठ मिटले होते, म्हणजे राम?
की नुसता विडा सावरला?
कधी शिव धरून बघितला, कधी दत्त.
कुठलाच त्या जागेत नीट बसेना,
दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं व्हायचं.
शेवटी काही न धरता बसू लागलो.

नेमाण्णा आमचा जॉबर, बस्तीच्या बोळातला.
त्याला एकदा दुपारी लाईट गेल्यावर
सगळं सांगून टाकलं.
हसला नाही.
मागाशी बोलायचा त्याच कानडीत म्हणाला,
"भरमू, ओळग केळ."
आत ऐक.
आणि वंगणाची बुदली घेऊन बाराव्या मागाकडे गेला.
मागाबद्दलच म्हणाला असेल.
त्या आठवड्यात बाराव्याचं बेअरिंग कुरकुरत होतं.

त्यानंतर किती दिवसांनी ते आठवत नाही.
रात्रपाळी. सोळा माग चालू.
मी दाराशी, पाठ करून, तंबाखू मळत.
पाय वळले,
हाताने सातवा माग थांबवला,
आणि मग मला कळलं की मी चाललो होतो.
वाकून बघितलं:
काठाची जांभळी तार, केसाएवढी,
तुटलेली.

सोळा मागांच्या गदारोळात
केस तुटल्याचा आवाज तो केवढा?
सिव्हिलच्या डॉक्टरांनी यंत्र लावून सांगितलेलं,
उजवा कान गेला, डावा वाटेत आहे.
मग ऐकलं कुणी?

उजेड वगैरे काही पडला नाही.
डोळ्यांत पाणी आलं ते
तंबाखूच्या हाताने चोळले म्हणून.
पण अकरा वर्षं ज्या जागेला
मी रिकामी म्हणत होतो,
तिथं कुणी तरी होतं.
आलं नव्हतं, होतंच,
मान खाली घालून कामात,
माझ्याकडे बघायलाही सवड नसलेलं.
मी नमस्कार केला नाही.
कुठल्या दिशेला करणार?

पुढच्या सोमवारी गोकाकच्या गाडीत बसलो,
स्वामींना खरं काय ते सांगायला.
अंकलगीला उतरलो.
रस्ता ओलांडून टपरीवर चहा घेतला.
काय सांगणार होतो?
तुमचं देणं मला पोचलं नाही?
समोरून बेळगावची गाडी आली,
मी हात केला.

त्या रात्री मात्र एवढंच केलं:
जांभळी तार थुंकी लावून ओढून घेतली,
गाठ मारली, माग सुरू.
ती साडी बैलहोंगलच्या व्यापाऱ्याने नेली.
आता कुणाच्या तरी नेसणीत असेल,
किंवा पोराच्या दुपट्यात,
आणि काठात कुठं तरी ती गाठ,
बोटाला लागणार नाही
इतकी बारीक.