कोटांच्या खोलीत

पुंता अरेनासला डिसेंबरात
रात्री साडेनऊलाही ऊन.
दुपारच्या वर्गात आगमनकाळाची पहिली ज्योत
उजेडात दिसतही नाही.

"पण बाई, अंधार कुठाय?"
इलारियोचा प्रश्न.
पुस्तकातलं बर्फाळ चित्र मिटून
मिर्ताबाई अकरा पोरांसकट
कोटांच्या खोलीत शिरतात, दार लावतात.
ओल्या लोकरीचा वास, कुणाचं तरी कोपर, खुसखुस.
काडी पेटते.
फटीतल्या वाऱ्याने लगेच विझते.

दुसरी ओढायच्या आत
काळोखातून तोच बोलतो:
"खेकड्यांचा हंगाम संपला.
बाकीच्या बोटी परतल्या.
आई बाबांचं ताट मांडते.
रोज.
मग उचलून ठेवते."

मिर्ताबाई काही शिकवत नाहीत.
चाचपडत त्याचा हात शोधतात,
आगपेटी त्यात ठेवतात.

काडी सादळलेली.
तो ओढतो.
पुन्हा ओढतो.