शेपटीची दांडी

अशोक चौकातून आत वळलात की तिसरं शटर.
पाटी जुनीच आहे: यंत्रमागाचे सुटे भाग.
पिकर, धोटे, फण्या, चामडी पट्टे.
गिऱ्हाईक आता दिवसाला दोन,
त्यातलं एक उधारीचं.

खालचे अकरा कप्पे मात्र हेलिकॉप्टरचे.

हसा. घरचेही हसले.
रिमोटवर चालतं ते, हातभर लांबीचं,
होटगी रोडच्या पलीकडं माळावर
रविवारी उडवतात, ऊन चढायच्या आत.
अख्ख्या सोलापुरात उडवणारे चौघे:
दाताचे डॉक्टर हत्तुरे,
रेल्वेतला फिटर दस्तगीर नदाफ,
बँकेतल्या म्हेत्रेबाई,
आणि बोल्लीचा धाकटा, ज्याचा बाप
तीस वर्षं माझ्याकडून धोटे न्यायचा.
त्यानंच पहिल्यांदा वाकडी सळई आणली,
रुमालात गुंडाळून, दुखऱ्या बोटासारखी.
काका, असलं काय मिळंल का?

एका बॅटरीवर सहा मिनिटं उडतं म्हणे.
ती सहा मिनिटं मी कधी बघितली नाहीत.
माझ्याकडं येतं ते पडलेलं.
तुकडे बघून सांगतो कोण कसा पडला.
डॉक्टर नेहमी डाव्या अंगावर.
नदाफ उंचावरून, सरळ नाकावर.
म्हेत्रेबाई पडतच नाहीत,
तीन महिन्यांनी येऊन चार रबरी चकत्या नेतात,
सुट्टे पैसे मोजून देतात.

माल काय ठेवायचा ते मागावरच शिकलो.
पांढरं दातेरी चाक मऊ असतं,
ते मोडावं आणि मोटर वाचावी म्हणून.
ते डझनानं ठेव.
मोटर एकच, तीही वरच्या फळीवर.
दोन मिलीचे स्क्रू गोळ्यांच्या डबीत,
नाहीतर पंखा लावला की गेले.
मे महिन्यात रबर घामेजतं,
पाकिटात शंखजिरं टाकायचं.

पाती येतात जोडीनं, मोडतं एक.
उरलेलं दुसऱ्या कुणाशी वजनात जुळत नाही.
सातव्या कप्प्यात अशी एकोणीस आहेत.
विसावं भूदेवीनं नेलं,
शिलाई मशीनखालची धाग्यांची गुंतवळ काढायला.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला:
हे मॉडेल बंद झालं, राहिलेलं सगळं घेऊन टाका,
निम्म्या भावात.
घेतलं.
मागांचं असंच घेतलं होतं एकदा,
ते पोतं अजून माळ्यावर आहे.

मग एका दुपारी वीज गेली.
वही काढली, कप्पे उघडले, टिका करत गेलो.
मोटर आहे. गिअर आहेत. पाय आहेत.
पात्यांची एक अभंग जोडी आहे.
सगळं मिळून एक पुरं हेलिकॉप्टर
माझ्या कप्प्यांत झोपलेलं होतं,
फक्त शेपटीची दांडी नव्हती.
कशी असणार?
कुणीही कसाही पडो, दांडी आधी जाते.

गच्चीवर गेलो.
दूरदर्शनच्या काळातली अँटिना अजून उभी होती.
तिची एक नळी कापली, कानस मारली,
बसली.

वीज आली तेव्हा ते काउंटरवर उभं होतं.
मी हात लावला नाही.
भूदेवी म्हणाली, रविवारी न्या की माळावर.
म्हटलं, बघू.

सोमवारी डॉक्टर आले. दातेरी चाक संपलं होतं.
पाना घेतला, त्यातलंच सोडवून दिलं.
बुधवारी नदाफनं पाय नेले.
बोल्लीच्या धाकट्यानं पाती नेली, जोडीनं,
आणि विचारलं, उडवलं का काका?
दुकान आहे, बाबा, म्हटलं.

आता काउंटरवर टोपी आहे, बिनडोक्याची,
आणि मागं ती दांडी.
तिला अजून कुणी विचारलं नाही.
पंचवीस वर्षं कावळे बसले तिच्यावर.
माझ्यापेक्षा तिनंच आभाळ जास्त पाहिलंय.