वळण

परभणीत, नव्या मोंढ्यात, खताच्या दुकानावर
एक खोली. चार खुर्च्या, एक पंखा.
आडतीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर
आम्ही चौघं मिळून लिहायचो.

चौघांची चार वळणं.
नुजहत कंस खालच्या ओळीवर उतरवायची,
मी तो वरच ठेवायची,
वैजनाथसर टॅब मारत,
आणि संघरत्न जिथं जसं सुचेल तिथं तसं.

एका संध्याकाळी, काट्यावर सोयाबीनची गाडी खोळंबलेली,
सर त्याच्या स्क्रीनवर वाकून म्हणाले,
"ह्याला वळणच नाही."
कोडला म्हणाले.
पण मराठीत हे वाक्य कोडपाशी थांबत नाही,
घरापर्यंत जातं.
संघरत्ननं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं,
उघडलं,
परत लावलं.

त्या रात्री मी बसले.
लाईट दोनदा गेली.
पहाटे एक छोटी स्क्रिप्ट दारात बसवली.
कमिटच्या आधी ती फाईल उघडणार,
पोत्यात परखी खुपसून
ओलावा बघावा तशी,
पोतं कुणाचं, न विचारता.

(मोंढ्यात विचारतात.
स्क्रिप्टला विचारता येत नाही.)

पहिला अडला माझाच कमिट.
ओळ एक्केचाळीस, शेवटी दोन मोकळ्या जागा,
ज्या मला आजही दिसत नाहीत.
दुसरा सरांचा.
त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला.
अक्षरं तांबडी ती तांबडीच.
"काय म्हणूलालं हे?"
संघरत्न मागं न वळता बोलला,
"टॅब आहे सर. स्पेस पायजेल."
नुजहतनं चहाचा कप तोंडापुढं धरला,
बराच वेळ धरला.

आता सगळं कोड सारखं दिसतं.
भांडण नाही.
जरा सुनंही वाटतं.

मार्चात संघरत्न पुण्याला गेला.
एकदा उगीच त्याच्या ओळी शोधत बसले.
नाव नोंदीत मिळतं,
नजरेला मिळत नाही.
सगळ्यांचे कंस एकाच उंचीवर,
सगळ्यांचा समास चार जागांचा.

मग वजनातल्या कटतीच्या फंक्शनवर
एक टीप सापडली.
टिपांना हात लावायला
मी स्क्रिप्टला शिकवलं नव्हतं.

"हे कामून चालतंय कळंना.
पण चालतंय.
राहू द्या."

राहू दिलं.